पाण्याची रेघ

१

वादळानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही घरी परत आलो. आम्ही म्हणजे मी, बायको, सहा वर्षांची ठकी आणि माझी आई. मधले दोन दिवस शाळेच्या वरच्या मजल्यावर साठ-सत्तर माणसांत काढले होते. चौघंही धडधाकट परतलो, एवढंच खूप होतं. गल्लीत पाच घरांचे पत्रे उडाले होते, आमचे जागच्या जागी होते. शेजारचा गवंडी म्हणाला, "रंगारीबुवा, नशीब काढलंत तुम्ही."

"आत येऊन बघ, मग बोल," मी म्हणालो.

आत घोटाभर चिखल होता. गाद्या पाणी पिऊन टम्म फुगल्या होत्या, फ्रिज आडवा झाला होता आणि कुणाची तरी एक चप्पल, आमच्यापैकी कुणाचीच नव्हे, पाहुण्यासारखी शेगडीवर येऊन बसली होती. चारी भिंतींवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ होती. समुद्राचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची.

मी घरं रंगवतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती घासल्यावर कुठे मागच्या वर्षी स्वतःच्या घराला हात लागला होता. फिकट पिस्ता रंग, दोन हात पुट्टी, तीन हात रंग. त्यावर आता ही रेघ. पॉलिश पेपर घेऊन बसणार, इतक्यात नुकसानीची नोंद करणारा कारकून गल्लीतून ओरडत गेला.

"पाण्याची खूण कुणी पुसायची नाही! पाहणी होईपर्यंत भिंत तशीच ठेवा. खूण नाही तर नोंद नाही!"

पेपर ठेवून दिला आणि फावडं घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं चिखल बाहेर ओढत होतो. आई दारात स्टुलावर बसून ठकीला जवळ धरून होती. तिचे गुडघे गेली दहा वर्षं कामातून गेलेले. बसली की उठताना "अगं आई गं" आणि उठली की बसताना "अगं आई गं".

२

दुसऱ्या दिवसापासून दिवसाला एक चाकोरी आली. सकाळी टँकरची रांग. मग चौकात जनरेटर चालू असे तिथे फोन चार्जिंगला लावून ताटकळत बसणं. घरी येऊन कागदपत्रं दोरीवर वाळत घालणं, ब्लीचिंग पावडर टाकून फरशी पुसणं. गाद्या गेल्या होत्या, म्हणून रात्री आम्ही दोघं दाराबाहेर चटई टाकायचो, आई आणि ठकी आत. सगळी गल्ली हेच करत होती. एकमेकांना बघून हसूही येई. सगळ्यांचे आतले कपडे आणि शाळेचे दाखले एकाच दोरीवर.

मी बटणांचा बोर्ड उघडून वाळवायला घेतला तेव्हा हात थांबला. काल रेघ बोर्डाच्या बरीच खाली होती. मला पक्कं आठवत होतं, कारण बोर्डात पाणी गेलं नाही म्हणून मी बायकोला मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. आज रेघ बोर्डाच्या खालच्या कडेला टेकली होती.

भिंत पाणी पिते, हे मला कुणी शिकवायला नको. ओल वर चढते, खार फुटतो. पण चढणारी ओल फाटक्या कपड्याच्या कडेसारखी वेडीवाकडी असते. ही रेघ सूत लावून ओढल्यासारखी होती. मी पुट्टीच्या पत्तीने रेघेखाली थोडं खरवडलं. आतून कोरडी पांढरी भुकटी पडली. वीतभर खाली खरवडलं. तिथेही कोरडं.

गवंडी त्याची लेव्हलची नळी घेऊन आला. पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक त्याच्या घरातल्या रेघेला, दुसरं दारातून आणून आमच्या भिंतीला. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं, त्यात खोटं चालत नाही.

"चार बोटं वर आहे तुमची," तो म्हणाला. पुन्हा धरून बघितलं. पुन्हा चार बोटं.

"घर खचलं असेल."

"खचलं तर रेघ खाली जाईल, बुवा. वर कशी जाईल?" त्याने नळी गुंडाळली. "पाणी काय माणसं बघून चढतं?"

तो हसला, मीही हसलो. तो गेल्यावर मी पेन्सिलीने रेघेवर एक बारीक खूण करून ठेवली.

३

सकाळी खूण रेघेच्या खाली होती, अर्ध्या वितीने.

बायकोला सांगितलं नाही. तिचा भाऊ स्वतःच छप्पर उडून ताडपत्रीखाली राहत होता, शाळेतल्या लोकांना हळूहळू बाहेर काढत होते. जाणार कुठे? शिवाय पाहणीच्या वेळी घरात कुणी नसलं तर नोंद होणार नव्हती. डोकं थकलंय, पेन्सिलीची खूण चुकली असेल, असं म्हणून मी भिंतीच्या पायाशी फुटलेली स्कर्टिंगची पट्टी बघायला गेलो.

बाहेर गवंडी पत्र्यावर खिळे ठोकत होता. मी उकिडवा बसलो आणि ठोकण्याचा आवाज दबला. एकदम लांब गेला, जणू कुणी कानांवर उशी धरली. मी उठलो. ठणठण, स्पष्ट. बसलो. धप, धप, लांबून. तीन-चारदा उठाबशा काढल्या. आवाज बदलायचा तो नेमका कान रेघेच्या खाली गेले की.

"काय चाललंय?" बायकोने आतून विचारलं.

"कंबर मोकळी करतोय."

दुपारी फिरत्या दवाखान्यात जाऊन आलो. घाण पाण्यात उतरलो होतो, कानात काहीतरी गेलं असणार. डॉक्टरने बॅटरी लावून बघितलं. "कान स्वच्छ आहेत. झोप घ्या." ठकीलाही दाखवलं, कारण घराबाहेर पडलं की तिला खोकल्याची उबळ यायची. उंबऱ्यावर उभी राहून खोक खोक खोकायची, पाण्यासारखं थुंकायची आणि मग खेळायला पळायची.

"धुळीचा खोकला आहे," डॉक्टर म्हणाला. "सगळ्या गावाला झालाय."

ठकीने माझी बाही ओढली. "बाबा, थुंकी खारट लागते."

डॉक्टरने तोवर पुढच्याला हाक मारली होती.

४

पाचव्या की सहाव्या दिवशी, आता नीट सांगता येणार नाही, मी टँकरवरून दोन हंडे घेऊन आलो तर आई स्वयंपाकघरात उभी. कशाला धरलेलं नाही. एरवी ओट्याला, भिंतीला, ठकीच्या डोक्याला धरल्याशिवाय ती उभी राहत नसे. चक्क चहा करत होती.

"आई, पडशील!"

"काही नाही पडत." तिने वळून बघितलं. सावकाश वळली, पण त्यात दुखणं नव्हतं. "अरे, गुडघे एकदम हलके झालेत बघ. काल रात्रीपासून दुखलेच नाहीत. पायांवर वजनच येत नाही."

दहा वर्षांत तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच असं काही ऐकत होतो. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण मी भिंतीकडे बघत होतो. रेघ तिच्या छातीशी आली होती.

तिने मला कप दिला. देताना पदराचं टोक ओट्यावरून घसरलं आणि खाली पडलं नाही. हवेत जरा लांबलं, वळलं आणि मग आरामात खाली आलं. वारा असेल म्हणून मी खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. लाकूड फुगल्यामुळे ती वादळापासून उघडतच नव्हती.

"बाहेर चल ना जरा," मी म्हणालो. "दारात ऊन आलंय. बस तिथे."

"नको रे. उंबऱ्यापाशी गेलं की पुन्हा हाडं जड होतात. इथेच बरं वाटतं." आणि मग, अगदी लहान मुलीसारखी लाजून, "मी सकाळी ठकीबरोबर थोडी नाचलेसुद्धा. सूनबाईला सांगू नकोस."

मी चहा प्यायलो. काय करणार होतो? म्हाताऱ्या आईला म्हणू, की तुझं दुखणं थांबलंय, म्हणून मला भीती वाटते?

५

सातव्या दिवशी पाहणी झाली. दोघे आले, तो कारकून आणि टेप धरायला एक शिपाई. गवंड्याच्या घरात तीन फूट लिहून घेतलं, पलीकडे तीन फूट, त्याच्या पलीकडे तीन फूट. आमच्याकडे आले. शिपायाने टेप लावली, वाचली, पुन्हा वाचली.

"साडेचार, साहेब."

कारकुनाने भिंत बघितली, मग माझे हात. नखांत जुना रंग होताच.

"धंदा काय तुमचा?"

"रंगारी."

"वाटलंच. रेघ छान मारलीत."

"साहेब, मी कशाला मारू?"

"जास्त नुकसान दाखवायला. दुसरं कशाला? शेजारी तीन फूट पाणी आणि तुमच्याकडे साडेचार. पाणी काय तुमच्याकडे शिडी लावून चढलं?"

गवंडी पुढे झाला. "साहेब, नळी लावून मी स्वतः बघितलंय. ती रेघ चढतेय."

त्याने चांगल्या मनाने सांगितलं, पण त्या वाक्याने सगळंच हास्यास्पद झालं. शिपाई खुदकन हसला. कारकुनाने वही मिटली. "परवा मोठे साहेब येतील. तोपर्यंत घर सोडायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. मग बघू कोण चढतंय ते."

आगीतून फुफाट्यात. त्या दोघांच्या मागे आई खोलीत इकडून तिकडे चालत होती. टाचा न टेकवता. शिपायाचं लक्ष तिच्याकडे गेलं, आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. बाहेर पडताना त्याने हातातली टेप उंबऱ्यावर झटकली, ओली असल्यासारखी.

६

आठव्या दिवशी दुपारी मी दारात उभा राहून ठकीला हाक मारली. ती फरशीवर बसून बाटल्यांच्या झाकणांचा खेळ मांडत होती, माझ्यापासून चार पावलांवर. हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा ओरडलो. तिने वर बघितलं नाही. एक झाकण तिच्या हातून सुटलं आणि डुलत डुलत खाली गेलं.

मी वाकलो, डोकं रेघेखाली घातलं. कानात ती उशी आली. "ठके."

"काय बाबा?" लगेच. दबका, जवळचा आवाज.

मी तिला उचलून बाहेर आणलं. उंबरा ओलांडताच ती खोकायला लागली, आणि या वेळी थुंकी नव्हती. ओंजळभर पाणी आलं, गढूळ, तोंडातून आणि नाकातून. बायको हंडा टाकून धावली. ठकी दोन मिनिटं लाल-निळी झाली, मग रडली. ते रडणं ऐकून आम्ही दोघं तिथेच खाली बसलो.

बायकोने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चौथ्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलात?"

"काय सांगणार होतो? रेघ चढतेय म्हणून?"

ती भांडली नाही. तेच वाईट. तिने ठकीला कडेवर घेतलं, दोरीवरचे कागद ओढून पिशवीत कोंबले आणि गवंड्याच्या ओसरीत जाऊन बसली. "मी आता त्या घरात पाऊल ठेवणार नाही. खड्ड्यात गेली ती नोंद. आईंना घेऊन या."

मी गेलो. आईने नाही म्हटलं. प्रेमाने म्हटलं, हसून म्हटलं आणि मी हात धरला तेव्हा रागावून म्हटलं. "सगळं आयुष्य या गुडघ्यांनी खाल्लं माझं. चार दिवस मला सुखाने राहू दे. उद्या येते."

मी हात सोडला. उद्या तर उद्या, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला तिथे उभं राहवत नव्हतं.

७

नवव्या दिवशी उजाडल्याबरोबर मी दार उघडलं. रेघ माझ्या गळ्याशी होती. खोली कोरडी. फरशीवर कालची झाकणं, ओट्यावर कप, दोरीवर टॉवेल. सगळं लख्ख उजेडात, आणि सगळं अगदी थोडंसं हलत होतं.

"आई?"

मागच्या खोलीच्या दारात ती पाठमोरी उभी होती. अंबाडा सुटला होता. तिचे पांढरे केस पाठीवर नव्हते. ते वर गेले होते, पसरले होते आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश झुलत होते. लुगड्याचा काठही. मी नजर खाली नेली. पावलं फरशीपासून चार बोटं वर होती. बोटं खाली झुकलेली, सैल, पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखी.

हनुवटी वर करून मी आत गेलो. कोरड्या खोलीत हनुवटी वर करून चालणारा माणूस कसा दिसत असेल, हाही विचार मनात आला. मग श्वास भरून घेतला, खाली गेलो आणि तिला धरलं.

कानात काहीच नव्हतं. फक्त लांबून, खूप लांबून, बऱ्याच माणसांच्या बोलण्यासारखं काही. आईने मान वळवली. तिचे डोळे उघडे होते, आणि तिने मला ओळखलं, यात मला शंका नाही. ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले. ती माझ्याशी बोलत होती की माझ्या मागे कुणाशी, ते मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही, कारण तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, आणि त्याच वेळी मागून काहीतरी थंड, सवयीचं असल्यासारखं, माझ्या पाठीला घासून दारातून आतल्या खोलीत गेलं.

मी वळून बघितलं नाही. तिला मिठीत घेतलं आणि दाराकडे निघालो. तिचं वजन काहीच नव्हतं. परकरातल्या लहान मुलीएवढंही नव्हतं. पाच पावलं. उंबऱ्यापाशी तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

उंबरा ओलांडला आणि ती एकदम जड झाली. मी तिच्यासकट गुडघ्यांवर आदळलो. तिच्या तोंडातून पाणी यायला लागलं. येतच राहिलं. गवंडी धावत आला, तिला पालथं घालून पाठ दाबली, आणि पाणी गटारापर्यंत वाहत गेलं. एका माणसात एवढं पाणी मावत नाही. ठकी रोज आत-बाहेर करायची, रोज थोडं थोडं बाहेर टाकायची. आई सहा दिवस उंबऱ्याबाहेर आलीच नव्हती.

"राहू द्या आता, बुवा," शेवटी गवंडी म्हणाला. त्याच्या कोपरांपर्यंत चिखल होता.

८

दवाखान्याच्या डॉक्टरने कागदावर "बुडून मृत्यू" लिहिलं. मला काही विचारलं नाही. कागद घेऊन मी नोंदणीच्या खिडकीत गेलो. ते कार्यालयही वादळात सापडलेलं, अर्ध्या खुर्च्या उन्हात वाळत टाकलेल्या. खिडकीतल्या बाई चष्मा कपाळावर चढवून भराभर लिहीत होत्या. त्यांनी वादळाच्या दिवसाची तारीख लिहिली.

"बाई, ती तारीख चुकली. आई काल गेली."

"बुडून ना?"

"हो."

"मग कालची कशी घालू? काल कुठे होतं पाणी?" त्या चिडल्या नव्हत्या. दमल्या होत्या. "बुडून मृत्यू आणि तारीख कोरड्या दिवसाची, असा कागद वर गेला की परत येतो. मग चौकशी. चौकशी संपेपर्यंत देह ताब्यात मिळत नाही. बघा तुम्हीच."

"पण वादळानंतर नऊ दिवस ती आमच्यात होती. चालत होती. मला चहा करून दिला तिने."

"असेल हो."

"असेल नाही, होती."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग रजिस्टर माझ्याकडे अर्धवट वळवलं. पान नवं होतं, वरपासून खालपर्यंत त्यांच्याच अक्षरात. बुडून, बुडून, बुडून. मृत्यूची तारीख सगळीकडे एकच, वादळाची. नोंद केल्याची तारीख शेजारच्या रकान्यात होती. परवाची, कालची, आजची.

"तारखेवरून वाद घालणारे आज सकाळपासून तुम्ही पाचवे," त्या म्हणाल्या. "करा सही."

मी सही केली. आईला घरी न्यायचं होतं, म्हणजे कुठेतरी न्यायचं होतं. पेन परत देताना मागे बघितलं. रांगेत सात-आठ माणसं उभी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या मागचा माणूस पुढे सरकला. चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण तो छातीपर्यंत ओला होता. त्याने कागद खिडकीत सरकवला.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "तारीख नीट घाला, बाई. आज सकाळी तिने माझ्याशी गप्पा मारल्या आहेत."